‘सावकाश’ची मोकळी ओळ

१

सकाळी आल्याआल्या मागच्या खोलीतल्या लाकडी पिंपाच्या पाठीवर एक थाप मारायची, ही इथं बिअर करणाऱ्या दाढीवाल्याची सवय. भरलेलं पिंप थापेला फारसं उत्तर देत नाही. जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं नुसतं ‘हं’ करतं. त्या दिवशी ते ढोलासारखं वाजलं.

त्यानं पुन्हा थाप मारली. बूच उपटून आत आधी डोळा लावला, मग नाक लावलं, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. 

“वहिनी,” तो कसाबसा म्हणाला, “मास्तरांची बिअर गेली.”

मास्तर स्वतः गेल्या थंडीत गेले होते. आता त्यांची बिअरही गेली.

नदीकडे उतरणाऱ्या अरुंद गल्लीत, लॉन्ड्री आणि किल्लीवाला यांच्या मधोमध ती जागा होती. पाटीवर ‘ब्रुअरी’ लिहिलेलं असलं तरी गल्ली तिला प्रेमानं ‘भट्टी’ म्हणायची. मास्तर आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवत. “पोरं ऐकत नव्हती, यीस्ट ऐकतं,” एवढंच कारण सांगून त्यांनी नोकरी सोडली आणि पुढं टाक्या, चार टेबलं, एक काउंटर असा संसार मांडला. बिअर थोडीच निघायची, पण गल्लीतला माणूस ती पाहुण्याला अशा थाटात पाजायचा की जणू त्याच्याच परसात पिकली.

पिंपातली बिअर मात्र वेगळी. ती काळी, लाकडात वर्षभर मुरणारी. नाव ‘सावकाश’. मास्तरांनी शेवटची भरली ती हीच. स्वतःच्या हातानं, कुणाला जवळ न फिरकू देता. ती आज संध्याकाळी उघडायची होती. नेहमीची सगळी गिऱ्हाइकं येणार होती, आणि वहिनी, मास्तरांच्या पत्नी, त्यांना विचारणार होत्या की तुम्ही भागीदार होऊन ही जागा चालवायला हात लावता का? लावला तर ठीक, नाही तर शहराबाहेरच्या मोठ्या बिअर कंपनीला विकायचे कागद तयार होतेच. फक्त सही उरली होती.

वहिनींनी रिकाम्या पिंपाकडे पाहिलं. रडल्या नाहीत. पदराला हात पुसले, ते कोरडे असूनही पुसले, आणि म्हणाल्या, “विमाबाईंना बोलवा.”

२

विमाबाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर त्यांनी जळकी दुकानं आणि बुडालेली गोदामं पाहिली, आणि पाणी खरंच पुराचं की बादलीनं ओतलेलं हे ठरवलं. शहरातली निम्मी माणसं त्यांना घाबरायची आणि उरलेल्या निम्म्यांचे दावे त्यांनी नामंजूर केले होते. नवरा नाही, मूल नाही, मांजर होतं तेही शेजाऱ्यांकडे जेवायचं. दर गुरुवारी मात्र त्या भट्टीत यायच्या, काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसायच्या. मास्तर पहिला ग्लास त्यांच्यापुढं ठेवायचे, खांद्यावरच्या फडक्यानं उगीच काउंटर पुसायचे, आणि विचारायचे, “बोला, काय लागतंय?”

इतक्या आस्थेनं कुणी त्यांच्या जिभेला कधी काही विचारलं नव्हतं. विमाबाई डोळे मिटून सांगायच्या, “भाजलेल्या पावाची कड. जुन्या कपाटाच्या कप्प्याचा वास. मागून जरा संत्र्याची साल.” आणि पुढच्या गुरुवारी तेच शब्द फळ्यावर खडूनं उतरलेले असायचे. बाईंना त्याचा चोरून अभिमान होता. म्हातारपणी माणसाला कुठल्या ना कुठल्या गोष्टीचा माज हवाच.

मास्तर गेले तेव्हा त्या इथं नव्हत्या. थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तिच्याकडे लांब मुक्काम पडला होता. मास्तरांचा एकदा फोन आला होता. “कधी येताय? पिंपाचं तुमच्यावाचून अडलंय.” त्या हसल्या होत्या. “माझ्यावाचून मेलं काय अडतंय? दाढीवाल्याला विचारा की.” त्यावर मास्तरही हसले होते. ते बोलणं शेवटचं.

आता त्या मागच्या खोलीत उभ्या होत्या आणि वहिनी दारात.

“संध्याकाळपर्यंत मला नाव सांगा,” वहिनी म्हणाल्या. “पोलीस नकोत, आरडाओरडा नको. मला त्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघायचंय. मग मी कागदावर सही करून मोकळी होते. ह्यांचं एवढं एकच उरलं होतं हो इथं.”

विमाबाईंनी मान हलवली आणि गुडघ्यांना शिव्या देत जमिनीवर वाकल्या.

कुलूप शाबूत होतं. किल्ली काउंटरमागच्या खुंटीवर, तिथं हात पोचणारी माणसं तीन: वहिनी, दाढीवाला, आणि मास्तरांचा धाकटा भाऊ. फरशी पुसलेली. मोरीच्या जाळीवर कढत पाणी ओतलेलं असावं, कारण कडेचा जुना चिकटा निघून गेला होता. तरी जाळीभोवती चिलटं घोंघावत होती. बाईंनी नाक जवळ नेलं. साबण. साबणाखाली काहीतरी आंबूस, नाकात झोंबणारं.

पिंपाच्या तोंडाशी मात्र दुसराच वास होता. नुकतीच काडी ओढून विझवल्यासारखा.

पलीकडे कट्ट्यावर बाटल्यांना झाकणं दाबायचं हातयंत्र होतं. त्याच्या दांड्यावर पाण्याचे थेंब तसेच, आणि पायाशी एक कोरं झाकण घरंगळलेलं.

“गेल्या काही दिवसांत बाटल्या भरल्यात का?” बाईंनी विचारलं.

“छे,” वहिनी म्हणाल्या. “उन्हाळ्यापासून नाही.”

विमाबाईंनी ते झाकण उचलून पर्समध्ये टाकलं. चोरी करायला आलेला माणूस माल नेतो, हे त्यांना माहीत होतं. नासधूस करणारा सांडून जातो, हेही माहीत होतं. पण घर साफ करून, भांडी घासून जाणारा चोर त्यांच्या उभ्या नोकरीत एकदाही भेटला नव्हता.

३

मोठ्या कंपनीचा माणूस दुपारी स्वतःच आला. गल्ली त्याला टायवाला म्हणायची, कारण इतक्या उकाड्यातही तो टाय सोडायचा नाही. काल संध्याकाळी त्याला गल्लीत घुटमळताना किल्लीवाल्यानं पाहिलं होतं.

“एक ग्लास प्यायला आलो होतो,” तो म्हणाला. “आमच्याकडे फुकट मिळते, पण खरं सांगू? इथली बरी लागते.”

“पिंप उघडलं नसतं तर गिऱ्हाइकं हिरमुसली असती,” विमाबाई म्हणाल्या. “जागा तुमच्या पदरात पडली असती.”

टायवाल्याचा चेहरा खरोखरच पडला. “अहो बाई, करारात पहिलं कलम त्या पिंपाचं आहे. ‘मास्तरांची शेवटची’ म्हणून आम्ही जाहिरात करणार होतो. रिकामं पिंप घेऊन मी साहेबाला काय सांगू, आत चपला ठेवा म्हणून?”

हा माणूस खोटं बोलत असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तो पगाराची काळजी असलेल्या माणसासारखा घामेजला होता. तो घाम नकली आणता येत नाही.

दाढीवाल्याला त्यांनी टाक्यांपाशी गाठलं. तो मोठ्या कंपनीतूनच इथं आला होता. मोठ्या टाक्यांचा आणि मोठ्या बटणांचा कंटाळा येऊन. कंपनी त्याला परत बोलावतेय, ही बातमी गल्लीत फिरत होती.

“बोलावतायत ना,” त्यानं सरळ कबूल केलं. “जाईनही. जागा विकली तर पोट काय दाढीवर भरू? पण मास्तरांच्या पिंपाला हात लावण्याआधी माझा हात झडो. काल मी इथं नव्हतो, धाकट्या मुलीच्या शाळेत होतो, तिच्या नाटकात. ती झाड झाली होती.”

“चांगली झाली का?”

“हलली फार.”

बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज मऊ झाला. “पिंपाला काडीचा वास कसला येतोय रे?”

दाढीवाल्यानं नाक लावून पाहिलं आणि त्याच्या भुवया चढल्या. “गंधक. सकाळी माझ्या डोक्यातच आलं नाही बघा. गंधकाची कांडी पेटवून तारेनं आत सोडतात, धुरानं आतलं सगळं मरतं.”

“प्रत्येक वेळी करता?”

“नाही हो. चांगलं पिंप रिकामं झालं की लगेच दुसरी बिअर भरायची, लाकूड जिवंत ठेवायचं. गंधक फक्त आजारी पिंपाला. आतली बिअर आंबून शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाली असेल तर. नाहीतर तो रोग शेजारच्या टाक्यांना लागतो, सगळा धंदा आंबतो.”

तो बोलता बोलता थांबला. 

“काल सांडलेली बिअर रात्रीतून आंबेल का?” बाईंनी हळूच विचारलं.

“रात्रीतून? नाही.” तो मान हलवत होता. “पण तसं होणारच नाही. पिंप आंबायला लागलं तर चवीला आधी कळतं, वेळीच सावरता येतं. मास्तर दर आठवड्याला चव घ्यायचे. हा बघा, पुढच्या फळीत खिळा आहे, तो काढला की बारीक धार येते. घोटभर घ्यायचे, जीभ फिरवायचे, आणि म्हणायचे, ‘छान चाललंय.’ मी स्वतः ऐकलंय. शेवटच्या आठवड्यातसुद्धा.”

“तुला दिली कधी चव?”

“नाही,” दाढीवाला म्हणाला. त्याला ते अजून लागत होतं. “म्हणाले, ‘ह्या पिंपाला कुणी हात लावायचा नाही. विमाबाई आल्या की उघडू.’”

४

मास्तरांचा धाकटा भाऊ बाहेर व्हॅनमध्ये बसला होता. भट्टीची पिंपं आणि बाटल्या गावभर पोचवायचं काम त्याचं. पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे ‘धाकटा’च म्हणायचे, थोरला गेला म्हणून कुणी त्याला बढती दिली नव्हती.

संशय त्याच्यावरच होता, आणि तो त्यानंच ओढवून घेतलेला. मास्तर गेल्यापासून तो वहिनींच्या मागं लागला होता, “विकून टाका. पिंप उघडायच्या आधी विका.” सकाळी वहिनींनी सगळ्यांदेखत त्याच्यापुढं हात पसरला होता. “भाऊजी, भट्टीच्या दाराची किल्ली ठेवा इथं.” त्यानं किल्ली ठेवली होती. तेव्हापासून तो व्हॅनमध्येच होता.

विमाबाई शेजारच्या सीटवर चढून बसल्या. धाकट्याला खोकल्याची उबळ आली. त्यानं खिशातून दम्याचा पंप काढून तोंडात दोनदा फुसकारला.

“हवा बदलली,” तो म्हणाला.

“हवेला कशाला बदनाम करतोस? ऊन तर कडकडीत पडलंय.”

त्यानं पंप परत खिशात टाकला.

“तूच केलंस का?”

“सगळे म्हणतायत तर मीच केलं असेल.”

“सगळे काय, मी गाढव आहे असंही म्हणतात. मी तुला विचारतेय.”

“लिहा माझं नाव,” धाकटा समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. “मला पैसे हवे होते, वहिनी विकत नव्हत्या, म्हणून ओतून दिली. झालं?”

बाईंनी आयुष्यात खोटे नकार हजारांनी ऐकले होते. खोटी कबुली पहिल्यांदाच ऐकत होत्या. आणि गंमत अशी, की त्या खोट्या कबुलीतलं ‘ओतून दिली’ एवढं मात्र खरं होतं.

“ज्याला धंदा बुडवायचाय,” त्या सावकाश म्हणाल्या, “तो पिंपात गंधक जाळून बाकीच्या टाक्या वाचवत बसत नाही. आणि दाढीवाल्यानं जाळलं असतं तर कांडी सोडून तो दार ओढून बाहेर गेला असता. तो धूर छातीला काय करतो ते त्याला ठाऊक आहे. तू आपला राहिलास तिथंच उभा, धूर खात. तुला काय वाटलं, तुझी छाती माझ्यापासून गुपित ठेवील?”

धाकट्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

“मी सांगितलं ना कबूल आहे म्हणून! आता वहिनींना जाऊन सांगा आणि सोडा मला.”

“कशासाठी केलंस?”

“ते विचारू नका, विमाबाई.” त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “तुमच्या पाया पडतो. तुम्ही तर विचारूच नका.”

*तुम्ही तर.* विमाबाई खाली उतरल्या, पण ते दोन शब्द त्यांच्याबरोबर उतरले.

५

हॉल रिकामा होता. वहिनींनी टेबलं पुसून ग्लास उलटे मांडून ठेवले होते. लोकांना बोलावलंय तर ते येणार, बिअर असो वा नसो. विमाबाई आपल्या स्टुलावर बसल्या. समोर फळा. मास्तर गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

‘दुपार’ : भाजलेल्या पावाची कड, जुन्या कपाटाचा वास, मागून संत्र्याची साल.

‘परतवाट’ : मध, पण गोड नसलेला. पावसात भिजलेली चटई.

‘तिसरी घंटा’ : कॉफीचा कप धुवायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी येतो तो वास. छान अर्थानं.

बाईंच्या ओठांवर हसू आलं. ‘छान अर्थानं’ असं त्याच म्हणाल्या होत्या. मास्तरांनी तेही उतरवून ठेवलं होतं. सगळी अक्षरं मास्तरांची, सगळे शब्द बाईंचे. सगळे. मास्तरांचा स्वतःचा असा एकसुद्धा नाही.

हसू तिथंच थांबलं.

सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘सावकाश’, आणि पुढं दोन टिंबं. टिंबांपुढं मोकळी ओळ.

लोक म्हणायचे मास्तरांनी मुद्दाम मोकळी सोडली, उत्सुकता वाढवायला. विमाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ मोकळीच होती.

जो माणूस दर आठवड्याला पिंपाची चव घेत होता, त्याला ती एका ओळीत सांगता येत नव्हती? गावातली सगळ्यात तयार जीभ शिरका तोंडात घेऊन ‘छान चाललंय’ म्हणते, हे कसं? दोनच शक्यता. एक तर मास्तर खोटं बोलत होते. किंवा त्यांना शिरका आणि पाणी यांत काही फरक लागत नव्हता.

बोला, काय लागतंय?

पूर्वी असं विचारत होते का ते? नाही. आधीची कित्येक वर्षं तेच आपणहून सांगायचे, आणि बाई ऐकायच्या. प्रश्न शेवटच्या काळातला. बाईंना वाटलं होतं ओळख वाढली, मान वाढला. समोर उभा राहून माणूस फडक्यानं कोरडं काउंटर पुसत होता, आणि त्यांच्या तोंडून आपलीच बिअर चाखत होता. उसन्या जिभेनं.

पिंपाचं तुमच्यावाचून अडलंय.

आणि त्या हसल्या होत्या.

 किल्लीवाल्याच्या दुकानातलं यंत्र मधेच किरकिरलं तेव्हा त्या उठल्या. पर्समधलं झाकण मुठीत घेतलं आणि दारातून हाक मारली, “धाकट्या! आत ये. आणि बाटली घेऊन ये.”

व्हॅनचं दार उघडलं नाही. पण आतून खोकल्याचा आवाज आला, आणि तो खोकला नव्हता.

६

मागच्या खोलीत तिघं उभे होते. धाकट्यानं बाटली जॅकेटमध्ये, तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरली होती.

“कसली बाटली?” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी, काय आहे हे?”

“हा सांगणार नाही,” विमाबाई म्हणाल्या. “मी सांगते. चुकलं तर थांबवा. पिंप पुढं हॉलमध्ये आणायला हा काल संध्याकाळी आला. आणायच्या आधी खिळा काढून घोटभर चाखली. शिरका. हा गेले कित्येक महिने ज्याला घाबरत होता तेच. म्हणून तर पिंप उघडायच्या आधी विका म्हणत होता. मग त्यानं सगळी ओतली, कढत पाण्यानं मोरी धुतली, गंधक जाळला. पण सगळी ओतवेना. एक बाटली भरली, झाकण दाबलं. यंत्र मात्र ओलंच ठेवलं. दाढीवाला ते पुसून, तेल लावून ठेवतो.”

“शिरका?” वहिनी पुढं झाल्या. “ह्यांच्या हातची?”

“दादाला वास येत नव्हता, वहिनी.” धाकटा फरशीशी बोलत होता. “चव नाही, वास नाही. मागं तापानं पडला होता ना, त्या आजारपणात गेलं ते आलंच नाही. डॉक्टरकडे मीच नेलं होतं. येताना व्हॅनमध्ये म्हणाला, ‘कुणाला बोलायचं नाही. तुझ्या वहिनीला तर मुळीच नाही. गवयाचा गळा गेला की लोक त्याची जुनी गाणीसुद्धा संशयानं ऐकतात.’ मी शब्द दिला. आज लोक आले असते, घोट घेतला असता, एकमेकांकडे बघितलं असतं. दादाची शेवटची बिअर लोकांनी रुमालात थुंकली असती. त्यापेक्षा मी चोर बरा.”

त्यानं मान वर केली. “आता तुम्हाला कळलं. दिलेला शब्द मोडला माझा.”

 वहिनी हळूच पिंपाशेजारच्या उलट्या बादलीवर बसल्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “एकदा माझ्याकडून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. माझ्या लक्षात येईपर्यंत ह्यांनी अर्धा कप संपवला होता. मी बघतेय तोवर म्हणाले, ‘आज चहा फक्कड झालाय.’ मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि म्हटलं, ‘अजून देऊ?’”

धाकट्यानं बाटली कट्ट्यावर ठेवली.

“ह्यांना वाटत होतं मला ठाऊक नाही. म्हणून मी ठाऊक नसल्यासारखी राहिले. तुम्हाला वाटत होतं मला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही गप्प. एका छपराखाली तिघं, आणि प्रत्येकानं आपापली मोरी धरलेली.”

“मग पिंप उघडायला का निघाला होतात?” विमाबाईंना विचारल्यावाचून राहवेना.

“हात तर त्यांचे होते ना. वाटलं, हात विसरले नसतील.” वहिनींनी पिंपावर तळवा ठेवला. “आणि विसरले असते तरी काय? मला ती कशी लागते ते बघायचंच नव्हतं हो. मला ती प्यायची होती.”

हे ऐकून धाकटा जो रडायला लागला, त्याला दम्याचा पंपही पुरेना. थोरल्याची लाज राखायला त्यानं वहिनींचा घोट ओतून दिला होता, आणि तो परत पिंपात भरता येणारा नव्हता.

बाहेर हॉलचं दार वाजलं. पहिली गिऱ्हाइकं आली होती.

७

तासाभरात हॉल भरला. लॉन्ड्रीवाली आली, किल्लीवाला हात धुऊन आला, मास्तरांचे जुने विद्यार्थी आता टक्कल पडलेल्या डोक्यांनी आले. टायवाला दाराशी कागदांची फाइल घेऊन उभा होता. पिंप पुढं आणून ठेवलेलं, आणि सगळे त्याच्याकडे देवाकडे बघावं तसे बघत होते.

“काय सांगू त्यांना?” वहिनी काउंटरमागं कुजबुजल्या. “खरं सांगितलं तर ह्यांची अब्रू जाते. चोरी सांगितली तर भाऊजींची.”

“माझं नाव सांगा,” धाकटा म्हणाला. “माझी होतीच कुठं फारशी?”

विमाबाई स्टुलावरून उतरल्या आणि ग्लासवर चमचा वाजवला. हॉल गप्प झाला. बाईंचा दरारा अजून शिल्लक होता.

“पिंप रिकामं आहे,” त्या म्हणाल्या. “फळीला तडा गेला. हळूहळू झिरपत सगळी मोरीत गेली. मी स्वतः तपासलंय. कुणाचा दोष नाही, लाकूडच जुनं.”

एकानंही शंका काढली नाही. ज्या बाईनं कुणाचा ओला पुठ्ठा कधी पुराचा मानला नाही, तिनं तडा म्हटलं म्हणजे तडाच. दाढीवाल्यानं एकदा पिंपाच्या धडधाकट फळ्यांकडे पाहिलं, एकदा धाकट्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाला, “हो. चांगला बोटभर तडा आहे. मी उद्या बुजवतो.” आणि पिंपाची ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवली.

सबंध नोकरीत विमाबाईंनी मंजूर केलेला हा एकच खोटा दावा.

लोकांनी उसासे टाकले. मग लॉन्ड्रीवाली म्हणाली, “बरं, ती नाही तर ‘दुपार’ द्या. मास्तरांच्या नावानं काहीतरी प्यायचं तर आहेच.” नळ सुटले. कुणी मास्तरांची नक्कल केली, कुणी रडलं, कुणी ग्लास फोडला. आणि भागीदार कोण कोण होणार, हे वहिनींनी विचारायच्या आधीच किल्लीवाल्यानं हात वर केला होता. पाठोपाठ बरेच हात वर झाले. कोपऱ्यातल्या टेबलावर तर एका आजोबांनी दोन्ही केले आणि बायकोनं त्यातला एक खाली ओढला.

टायवाला गर्दीतून वाट काढत काउंटरशी आला. “वहिनी, सही?”

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “ज्या घरातला दीर न केलेल्या पापाची कबुली देऊन गप्प बसतो, ते घर विकतात होय? टाय सोडा आणि एक ग्लास घ्या.”

त्यानं टाय सैल केला. तेवढंच त्याला जमलं.

माणसं पांगू लागली तेव्हा वहिनींनी मागच्या खोलीत तीन छोटे ग्लास मांडले. धाकट्यानं बाटली उघडली. झाकण निघताना वायूचा आवाजसुद्धा आला नाही. काळीभोर धार, दिसायला अगदी ‘सावकाश’.

वहिनींनी ग्लास विमाबाईंपुढं सरकवला. खांद्यावर फडकं नव्हतं, म्हणून पदरानंच त्यांनी कट्ट्याचा कोरडा कोपरा पुसला.

“बोला,” त्या म्हणाल्या. “काय लागतंय?”

विमाबाईंनी डोळे मिटले. घोट घेतला. दात आंबले, घसा चरचरला, डोळ्यांत पाणी आलं. शिरक्यानंच आलं असं म्हणायला वाव होता. आज एकदा खोटं बोलून झालं होतं. मास्तरांशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

“शिरका,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून शेवटपर्यंत शिरका. मागून काही येत नाही. पुढून काही येत नाही. इतकी वाईट बिअर मी जन्मात प्यायले नाही, मास्तर.”

वहिनी हसल्या. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता हसल्या. आणि हसता हसता ते हसू कधी मोडलं ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी आपला ग्लास एका दमात संपवला. धाकट्याचा अर्धा राहिलेला घेतला, तो संपवला. मग बाटली उलटी करून तळाचा गाळसुद्धा ओतून घेतला, आणि मीठ पडलेला चहा कुणी प्यावा तशी, तोंड जराही वाकडं न करता, शेवटच्या थेंबापर्यंत ती प्यायल्या.

भट्टी अजून चालू आहे. पिंपं धाकटा पोचवतो, बिअर दाढीवाला करतो, आणि विमाबाईंचा गुरुवार चुकत नाही. फळ्यावर दाढीवाल्याच्या अक्षरात नवी नावं आली आहेत. खालची ‘सावकाश’ मात्र मास्तरांच्याच अक्षरात, पुढं दोन टिंबं आणि मोकळी ओळ. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, इथं काय लिहायचं राहिलंय?

“राहू दे तसंच,” वहिनी म्हणतात. “ते तोंडी सांगून झालंय.”